निनावी फाइलीचा मालक

“हे टाकलं कुणी?”

रणधुरंधर महाराज इतक्या जोरात गरजले की सिंहासनाखाली झोपलेलं मांजर उठून निघून गेलं. महाराजांनी आयुष्यात एकही रण पाहिलं नव्हतं. पण नाव बारशालाच ठेवलेलं, त्याला कोण काय करणार!

दरबारातल्या मोठ्या पडद्यावर एक चित्र झळकत होतं. सिंहासनावर तोंड उघडं टाकून घोरणारे महाराज, आणि त्यांच्या पुढ्यातली जिलबी गुपचूप उचलणारे दिवाणजी. चित्र अगदी हुबेहूब होतं. तीच तर अडचण होती.

“आणि दिवाणजी, ती जिलबी माझी होती!” महाराज कडाडले. “या राज्यात जे काही आहे ते सगळं माझं!”

चित्र आलं होतं राज्याच्या सर्व्हरवर. महाराजांनीच दवंडी पिटवली होती, की प्रजेनं मनात असेल ते सर्व्हरवर अपलोड करावं. नाव विचारणार नाही, पत्ता विचारणार नाही, राजाचं वचन आहे! तेव्हापासून येत होत्या त्या फक्त महाराजांच्या आरत्या. सगळ्या आरत्यांत शुद्धलेखनाच्या चुका मात्र त्याच त्या, थेट दिवाणजी करतात तशा. पण नाव विचारायचं नाही म्हटल्यावर नाही!

सर्व्हर सांभाळायची तुळसा, पेठेत बांगड्या भरणाऱ्या कासाराची मुलगी. तिला समोर उभं केलं.

“नाव सांग!”

“कसं सांगू, महाराज? येणाऱ्याला ‘कोण?’ म्हणून विचारू नकोस, हा तुमचाच हुकूम. मी तशी सेटिंग केली. कोण कुठून आलं याची नोंदसुद्धा बंद केली.”

“मग चालू कर!”

“करते की! पण नावं कळतील ती यापुढच्यांची. आणि आधी दवंडी पिटवावी लागेल, महाराजांनी शब्द फिरवला म्हणून. डफवाल्याला बोलावू?”

महाराज घुटमळले. तेवढ्यात दिवाणजी पुढे सरसावले. “वचन न मोडता नाव शोधायचं, महाराज. एवढंसं काम जमत नसेल, तर हिला पगार कशाचा?” दिवाणजींना काम एवढंसं वाटणारच. करायचं दुसऱ्याला होतं.

“ठरलं!” महाराजांनी मांडीवर थाप मारली. “उद्या दरबारात नाव हवं! वचन मोडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सर्व्हरनंच सांगितलं पाहिजे. ज्याचं नाव निघेल त्याची अर्धी मिशी भर दरबारात उतरवीन! नाही निघालं, तर तू आणि तुझा बाप राज्याबाहेर!”

“शिक्षा मिशीचीच ना, महाराज?”

“मिशीचीच! मग तो कुणीही असो! राजाचा शब्द आहे!”

तुळसा मुजरा करून निघाली, ती बापाचाच विचार करत. बापाची सारी हयात त्या पेठेत गेली होती. या वयात त्यानं जायचं तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली, ती चक्क न्हाव्याला सोबत घेऊन!

“सापडला?” महाराज पुढे झुकले.

“सापडला, महाराज. आपला सर्व्हर मोठा हट्टी आहे. बिनमालकाची फाइल तो ठेवूनच घेत नाही. येणाऱ्याला नाव विचारायचं नसेल, तर मालक म्हणून कुणाचं तरी नाव आधीच भरून ठेवावं लागतं. आता त्यालाच विचारते, ही फाइल कुणाची?”

तिनं बटण दाबलं. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली.

‘मालक: रणधुरंधर महाराज.’

महाराजांचा हात आपोआप मिशीवर गेला.

“हे... हे कसं?”

“पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, नाव कुणाचं भरू? तुम्ही म्हणालात, ‘माझं! या राज्यात जे काही आहे ते सगळं माझं!’ मी हुकूम पाळला.”

न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला.

“भलतंच काय!” दिवाणजी किंचाळले. “फाइलीवर नाव आहे म्हणून काय ती महाराजांनीच टाकली?”

“तसं कसं, दिवाणजी? आरत्यांवरही महाराजांचंच नाव आहे. त्या महाराजांनी लिहिल्या नसतील, तर कुणी लिहिल्या तेही आता शोधू या का?”

दिवाणजींनी घाईघाईनं उपरण्यानं कपाळ पुसलं. महाराजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वस्तऱ्याकडे पाहिलं, आणि ते खो खो हसत सुटले.

“न्हाव्याला घरी पाठवा! गुन्हेगाराला माफी!”

“मालकाला, की चित्र काढणाऱ्यालाही?”

“दोघांनाही! शब्द!” महाराजांनी हातातली सोन्याची दोन कडी काढली. “एक तुला. दुसरं त्या चित्रकाराला पोचव. घोरतो मी अगदी तसाच, राणीसाहेबही तेच म्हणतात.”

तुळसानं एक कडं उजव्या हातात चढवलं आणि दुसरं डाव्या हातात.

“पोचलं, महाराज!”

महाराजांनी तिचे दोन्ही हात पाहिले. मग असे हसले, असे हसले, की त्यांची अख्खी मिशी थरथरली.

“तरीच! मिशीची शिक्षा पक्की करून घेत होतीस ती!”