ठिपक्या आणि निळे दिवे

ढगांना हात लागेल इतक्या उंच डोंगरावर एक फळबाग होती आणि तिच्या कुंपणाशी, एका चिमुकल्या झोपडीत तुळसा राहायची. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. ती दिवसभर बागेतला पाचोळा झाडायची आणि राखणदार भिवाकाका तिला एक भाकरी द्यायचे. भाकरी हातात आली की तुळसा ती मोडायची. अर्धी तिची, अर्धी ठिपक्याची. ठिपक्या म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू. इवलंसं, पांढरंशुभ्र, कानावर तपकिरी ठिपका, आणि अंगात खोड्याच खोड्या.

एकदा भिवाकाका गावाला गेले आणि भाकरी आलीच नाही. तुळसाच्या पोटात कावळे कोकलू लागले. तिनं वेलीखाली पडलेला, तिच्या आवडत्या द्राक्षांचा घोस उचलला. हिरवे हिरवे मणी उन्हात चमचमत होते. आता आपण खायचं आणि ठिपक्याला द्यायचं नाही, हे तुळसाला कसं जमणार? अर्धा घोस त्याला दिला.

संध्याकाळी ठिपक्या ओकला. मग तिच्या मांडीवर तो मलूल पडून राहिला, शेपटीसुद्धा हलेना. तुळसाला रडू आवरेना.

तिचा अश्रू वेलीच्या मुळाशी पडला मात्र, अख्खा मांडव उजळला. गुलाबी, जांभळा, सोनेरी उजेड पानापानांतून झिरपला आणि त्यातून एक बोटभर परी खाली उतरली. तिच्या पंखांवर दवाचे थेंब लुकलुकत होते.

"द्राक्षं तुला गोड, पण कुत्र्याला विष," परी हळूच म्हणाली. "तू मायेनं दिलीस, पण माया डोळस हवी, बाळा. एक इच्छा माग. मात्र कुणाचं वाईट मागायचं नाही आणि बदल्यात तुझं आवडतं काहीतरी कायमचं सोडायचं."

ही वेलच वाळून जावी, असं क्षणभर तुळसाला वाटलं. पण वेलीचा काय दोष? तिनं डोळे पुसले.

"परीताई, माझ्या ठिपक्याला बरं कर. मी पुन्हा कधी द्राक्ष तोंडात घालणार नाही."

परीनं फुंकर घातली आणि ठिपक्याची शेपटी हलली. तुळसानं त्याला छातीशी धरलं. मग मनात आलं ते ती बोलून गेली, "पण बाकीच्या पिल्लांना, मांजरांना हे कोण सांगणार?"

परी तिच्याकडे बघतच राहिली. इच्छा तर संपली, पण हे माझ्याकडून, असं म्हणत तिनं पंख झटकले. आणि काय सांगू, बागभर इवले इवले निळे दिवे लागले. अंजिराच्या चिकात, लिंबांच्या सालींत, पीचच्या कोयीत, द्राक्षांच्या मण्यामण्यात. जिथे कुत्र्या-मांजरांना धोका, तिथे दिवा. सगळं आभाळ डोंगरावर उतरलं होतं जणू. तुळसा थक्क होऊन बघत राहिली आणि बघता बघता परी त्या उजेडात विरघळून गेली.

ते दिवे फक्त तुळसालाच दिसतात. कुणाचं कुत्रं-मांजर बागेत शिरलं की ती धावत जाऊन त्याला दूर नेते. त्या दिवशी काय घडलं हे कळल्यापासून भिवाकाका दोन भाकऱ्या देतात, एक ठिपक्याच्या नावाची. ठिपक्या मोठा हुशार. आपली अख्खी भाकरी संपवून तो तिच्या भाकरीकडे टक लावून बसतो.

तुळसा हसते आणि भाकरी मोडते. पण त्याला देण्याआधी, तिच्यात कुठे निळा दिवा नाही ना, हे नीट बघून घेते.