पन्ह्याचा गर आणि न्हाणीकडचा मोगरा

“माई, आणखी किती घालू सांगा! अख्खा ड्रम रिकामा केला, तरी पानं करपतातच आहेत!”

आल्या आल्या हाच प्रश्न. राम राम नाही, पाया पडणं नाही, चपलासुद्धा पायातच. वैशाखातली दुपार, दोन वाजलेले, आणि मोटारसायकलच्या मागं वीस लिटरचा कॅन बांधून विश्वंभर टाले मठाच्या अंगणात उभा. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

मी गणपत, या मठात स्वयंपाक पाहतो. गुरू म्हणजे आमच्या सरूमाई. सत्तरी उलटली, पण आमच्या वऱ्हाडातल्या या उन्हातही त्यांची जाई हिरवीगार. आणि शिष्य म्हणजे हा टाले. शेतकी शिकलेला, गावोगाव शिबिरं घेऊन लोकांना जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत, करायला शिकवणारा. माणूस वाईट नाही हो. पण ‘माझं जीवामृत’ म्हणताना त्याची छाती जी फुगायची ना, माझं डोकंच फिरायचं.

“कोणतं झाड?” माईंनी विचारलं. त्या जाईच्या बुडाशी वाळलं गवत पसरत होत्या.

“आईचा मोगरा.”

माईंचे हात थांबले. मीही विळी बाजूला सारली.

टालेची आई दिवाळीत गेली. मठात यायची ती केसांत घरच्या मोगऱ्याचा गजरा माळून, आणि देवासाठी ओंजळभर फुलं पदरात घेऊन. तिच्या हातचं जिवंत असं त्या घरात आता तेवढं एकच झाड उरलं होतं.

“ते गेलं तर मी काय करू, माई? जगाच्या बागा वाचवत फिरतो मी, आणि आईचं एक झाड…”

मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. पण लगेच त्यानं धावत जाऊन कॅन सोडून आणला आणि माईंसमोर आदळला.

“तुम्ही बघा तरी! शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, वडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवून सहा दिवस, रोज दोनदा ढवळलंय. यात कुठं खोट काढून दाखवा!”

माईंनी झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि लहान पोरीसारख्या खुलल्या.

“वा रे वा! काय आंबलं बापा! इतकं झकास तर मलेबी जमत नाही.”

झालं! टाले असा फुलला की विचारू नका.

“मग! आणि हेच रोज दोन बादल्या घालतो मी मोगऱ्याला. दुपारी, कोमेजलेला दिसला की लगेच.”

“कितीक घातलं ते नको सांगू. पोचलं किती?”

“म्हणजे?”

“पाणी कवा देतं त्याले?”

“वेगळं पाणी कशाला, माई? हे पातळच आहे की. यातच पाणी आलं.”

माईंनी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

मग माझ्याकडं वळल्या. “गणपत, विश्वंभर उन्हातून आला. पन्हं दे त्याले.”

मी उठलो. पेल्यात चमचाभर गर घेतला आणि माठाकडं वळलो, तोच मागून आवाज आला. “पाणी नको घालू. गरच दे. भरून.”

मी जागच्या जागी थांबलो. सकाळीच कैऱ्या उकडून, गूळ-मीठ-जिरं घालून मी तो गर केलेला. पेलाभर पाण्याला एक चमचा पुरतो, एवढा तेज!

“अहो माई, असा कुणी पितं का?”

त्यांनी डोळे वटारले. मी गपगुमान पेला भरला.

टालेला तहान इतकी की त्यानं बघितलंही नाही. तोंडाला लावला, गटागटा तीन घोट घेतले… आणि थांबला. डोळे पांढरे व्हायची वेळ. ठसका लागला, घसा धरला, नाकातोंडातून पाणी.

“पाणी! अहो पाणी द्या आधी!”

“पातळच आहे की ते,” माई म्हणाल्या. “त्यातच पाणी आलं.”

मला असं हसू फुटलं की मी तोंडात पंचा कोंबला. पण टालेचं तोंड पाहिलं आणि हसू तिथंच विरलं. तो हातातल्या पेल्याकडं बघत होता. मग कॅनकडं. मग कुठंतरी लांब…

“आई न्हाणीतच भांडी घासायची,” तो हळू म्हणाला. “तांदूळ तिथंच धुवायची, आंघोळी तिथंच. सगळं पाणी मोगऱ्याला जायचं. संक्रांतीनंतर मी न्हाणीत फरशी बसवली, आणि पाइप काढून गटाराला जोडून दिला… मीच जोडला, माई. माझ्या हातानं!”

माईंनी स्वतः उठून तांब्याभर गार पाणी आणलं. तो सगळं प्यायला, आणि तांब्या खाली ठेवायच्या आधीच उठून पळाला. कॅन इथंच, टोपी इथंच! किक मारली.

“ऊन उतरू दे!” माई ओरडल्या.

“आणि आधी साधं पाणी!” मलाही राहवेना. मी अनवाणीच फाटकापर्यंत धावलो. “मग जीवामृत, एका तांब्याला दहा तांबे पाणी घालून! अन् बुडाशी गवत टाका गवत!”

ऐकलं की नाही, देव जाणे. धुरळा तेवढा मागं राहिला.

मग तीन आठवडे त्याचा पत्ता नाही. माईंनी एकदाही नाव काढलं नाही. मीच आपला रोज रस्त्याकडं बघायचो. वाचला असेल का? त्याचा राग करणारा मी, आणि त्याच्या मोगऱ्यापायी मला जेवण गोड लागेना!

चोविसाव्या दिवशी सकाळी, माई जाईला पाणी घालत असताना, लांबूनच हाक आली.

“माई! फुलं! फुलं आली होऽ!”

माझ्या हातातला झारा पडला. गाडी फाटकाबाहेर टाकून टाले धावत येत होता. ओला रुमाल दोन्ही हातांत धरलेला. चपला मात्र या वेळी बाहेर काढल्या, हे मी पाहिलं. रुमालात सात फुलं! पांढरीशुभ्र, टपोरी, दहिवर पडल्यासारखी ओली.

“पाइप उपटून फेकला मी! न्हाणीचं पाणी पुन्हा झाडाला सोडलं. रोज संध्याकाळी आधी पाणी देतो, आठवड्यातून एकदा तुमचं ते एकास दहा. नवी पालवी फुटली, माई! आज दार उघडून बघतो तर ही फुलं!”

आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो. मी तर त्याला मिठीच मारली, पिठाच्या हातांनी.

पण स्वभाव कुठं जातो? श्वास घेतला न घेतला, आणि त्यानं खिशातून वही काढली.

“आता मला नेमकं सांगा. काय लागू पडलं? पाणी, गवत, की माझं जीवामृत? आंबवलं तर उत्तमच होतं, तुम्हीच म्हणालात. येत्या शिबिरात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, टाले पद्धत!”

छाती पुन्हा फुगलेली! मी कपाळावर हात मारला.

माईंनी रुमालातलं एक फूल उचललं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

“हुंग.”

त्यानं हुंगलं… वही खाली आली.

“कायचा वास येते?”

“आईचा… आई वाकून वाढायची तेव्हा गजऱ्याचा यायचा ना, तो. तोच, माई.”

“अन् तुह्या जीवामृताचा?”

त्यानं पुन्हा हुंगलं. डोळे मिटून, बराच वेळ…

“नाही,” तो म्हणाला. “जरासुद्धा नाही.”

माईंनी ते फूल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि झारी उचलली.

“मंग पोचलं.”