जोड तुटला नाही

खूप पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. पण ट्रॅक्टर आले होते आणि माणसं अजून डोक्यावर ओझी वाहत होती, एवढं नक्की.

खाडीच्या काठी एक गाव होतं. शेती थोडी आणि मिठागरं फार. वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, ते उन्हात आटवायचं, खाली धरलेलं मीठ ओढून कडेला आणायचं आणि पाट्या भरभरून उंच बांधावर रचायचं, हे तिथलं काम. मीठ ओढायचे पुरुष, वाहायच्या बायका. त्या बायकांची मुकादम चांगुणा नावाची एक म्हातारी होती. चाळीस वर्षं ओझं वाहून तिच्या माथ्यावरचे केस विरळ झाले होते, पण पाठ ताठ होती.

गावाने मिळून एक ट्रॅक्टर घेतला होता. अरुंद बांधावरून जाईल असा, लहानसा. तो चांगुणेचा मुलगा पोशा चालवायचा.

त्याच गावात सखाजी नावाचा कारागीर होता. लोखंडाला लोखंड जोडावं ते सखाजीनेच, असं आजूबाजूची पाच गावं म्हणायची. खाडीचं पाणी अडवणारी दारं त्याने बसवलेली होती आणि भरतीच्या धडका खाऊनही त्यांतलं एक हललं नव्हतं. सखाजी वाईट माणूस नव्हता. फक्त आपण केलेला जोड पाहताना त्याला दुसरं काही दिसत नसे.

एकदा डोंगरापलीकडची एक दगडखाण बंद पडली. तिथल्या मोठ्या ट्रॅक्टरचा जुना लोडर विकायला निघाला. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचे लोखंडाचे दोन लांब हात आणि त्यांच्या टोकाला दगड भरायची रुंद बकेट. सखाजीने तो पाहिला आणि गावकऱ्यांना सांगितलं की हा आपल्या ट्रॅक्टरला बसवून देतो, मग कुणाच्या डोक्यावर पाटी राहणार नाही.

लोक हरखले. बायका तर जास्तच.

लोडरचे हात मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचे. आपल्या ट्रॅक्टरला ते दोन्ही बाजूंनी वीतभर सैल पडत होते. सखाजीने बोटभर जाडीचे लोखंडी पाट कापले, ती जागा भरून काढली आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला दोन्हीकडून मोठमोठे बोल्ट आवळून पाट पक्के केले. चार दिवसांत काम झालं. पाचव्या दिवशी पोशाने दांडा ओढला तसे ते दोन हात मिठाने भरलेली बकेट घेऊन वर गेले. चाळीस पाट्यांचं मीठ एका दमात बांधावर पडलं. बायका पाहतच राहिल्या. चांगुणा डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेऊन उभी राहिली.

दोन दिवसांनी पोशा सखाजीकडे आला. भरलेली बकेट उचलली की मागची चाकं जमीन सोडतात, असं त्याने सांगितलं. सखाजीने लगेच मागच्या बाजूला लोखंडी पेटी टांगली आणि ती धोंड्यांनी भरली. चाकं जमिनीला टेकली. पोशाला बरं वाटलं.

आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी त्याला नीट सांगता येईना. पायाखाली काहीतरी करकरतं, एवढंच तो म्हणाला. सखाजी पाना घेऊन गेला, खाली वाकला आणि आपला एकेक बोल्ट तपासला. सगळे घट्ट होते.

"माझा एकही बोल्ट सैल नाही," तो म्हणाला. "तू निर्धास्त चालव."

ते खरंच होतं. त्याचा एकही बोल्ट सैल नव्हता.

आता पुनवेचं मोठं उधाण चार दिवसांवर आलं होतं. एरवी अशा वेळी बायका पहाटेपासून पाट्या वाहून मीठ बांधावर नेत. पण या खेपेला सगळं मीठ खालच्या कडेलाच ठेवलं होतं. लोडर आहे, दोन दिवसांत होईल, असं सगळेच म्हणत होते. पाट्या घरोघरी आढ्याला टांगलेल्या होत्या.

उधाणाला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी, सगळं गाव मिठागरावर असताना ते घडलं.

पोशाने बकेट भरली, वर उचलली आणि ट्रॅक्टर बांधाकडे वळवला. वाटेत हातभर रुंदीचा एक चर होता. पुढची चाकं चरात उतरून वर आली आणि एक आवाज झाला. दगड फुटल्यासारखा, कोरडा. ट्रॅक्टर मधोमध दुभंगला. पुढचं धूड बकेटसकट पुढे कोसळलं. मागचं धूड धोंड्यांसकट मागे बसलं. मधे पोशाच्या पायाखाली फट उघडली आणि बकेट जमिनीवर आदळताच मिटली. त्या फटीत पोशाचा डावा पाय होता.

माणसं जिथे होती तिथेच थिजली. लोखंडाची मोठी वस्तू वाकते, गंजते, हे त्यांनी पाहिलं होतं. भाकरीसारखी मधून मोडते, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपला पाय कुठे गेला हे न कळल्यासारखा पोशा खाली बघत होता.

सगळ्यांत आधी हलली ती चांगुणा. तिने पुरुषांना पहारी आणायला लावलं, फट उघडायला लावली आणि पोशाला बाहेर ओढून आपल्या लुगड्याचा पदर त्याच्या पायाला आवळून बांधला. बैलगाडीतून त्याला वैद्याकडे नेलं. जीव वाचला. पाऊल वाचलं नाही.

सखाजी मात्र तिथेच, मोडलेल्या ट्रॅक्टरजवळ बसून राहिला. कुठला बोल्ट तुटला, कुठला पाट सुटला, हे तो शोधत होता. तिन्हीसांजेपर्यंत त्याने दहा वेळा हात फिरवला. त्याचे पाट सरळ होते. बोल्ट जागेवर होते. एकाही जोडाला केसाएवढी चीर नव्हती. चीर गेली होती ती त्याच्या शेवटच्या बोल्टाच्या मागून, ट्रॅक्टरच्या स्वतःच्या पोटातून. त्या लहान ट्रॅक्टरला खाली वेगळा सांगाडा नव्हताच. इंजिन, मधली गिअरची पेटी आणि मागचं अंग एकमेकांना जोडलेलं, तोच त्याचा कणा. सखाजीने पुढे खाणीतला भार लादला, मागे धोंडे टांगले आणि दोन्हींच्या मधे तो कणा वाकवत ठेवला होता. जोड तुटला असता तर फक्त बकेट पडली असती. जोड तुटला नाही, म्हणून ट्रॅक्टर तुटला.

हे उमगलं तेव्हा त्याने पाना खाली ठेवला.

उरलेल्या दोन दिवसांत बायकांनी आढ्यावरच्या पाट्या काढल्या आणि धावत मीठ वाहिलं. पुरुषांनीही वाहिलं. तरी पुनवेला पाणी चढलं तेव्हा निम्मं मीठ खालीच होतं. सकाळी तिथे नुसता गढूळ चिखल होता. निम्म्या वर्षाचं पांढरं शुभ्र मीठ एका भरतीत नाहीसं झालेलं पाहून लोक रिकाम्या पाट्या घेऊन घराकडे वळले.

तिसऱ्या दिवशी सखाजी चांगुणेच्या दारात गेला. शिव्या मिळतील असं त्याला वाटलं होतं. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगुणेने त्याला बसायला सांगितलं.

"काकी, माझं काम पक्कं होतं," तो म्हणाला. "तेच चुकलं."

चांगुणा म्हणाली, "नवी पोर कामावर आली की मी तिची पाटी बघत नाही. तिचा मणका बघते, गुडघे बघते, टाचा बघते. ओझं डोक्यावर असतं, पण ते उचलतात टाचा. तू त्या गाडीच्या टाचा बघितल्यास का?"

सखाजी उठला तो तडक कामाला लागला. त्याने जुन्या गाड्यांच्या ढिगातून ट्रॅक्टरची मधली पेटी मिळवली. मग सगळ्या गावासमोर लोडरचे ते लांब हात हातभर कापून टाकले. लोकांना धक्काच बसला. एवढी दमदार वस्तू हा खराब करतोय, असं म्हणत दोघं-तिघं त्याला अडवायला पुढे झाले. तो थांबला नाही. बकेट कापून निम्मी केली. ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी पुढून थेट मागच्या चाकांच्या आसापर्यंत दोन लांब तुळया घातल्या आणि लोडर त्या तुळयांवर बसवला. आता भार ट्रॅक्टरच्या पोटावर येत नव्हता. तो तुळयांवरून चाकांपर्यंत जात होता. मागच्या पेटीतले धोंडेही त्याने कमी केले. या कामाला चार दिवस नाही, तीन महिने लागले.

क्लच दाबायला डावं पाऊल लागतं, आणि पोशाला ते नव्हतं. म्हणून सखाजी स्वतः ट्रॅक्टरवर बसला. पोशा कुबडी टेकून बांधावर उभा होता. पहिली बकेट उचलली गेली, चर ओलांडला, मीठ वर पडलं. सखाजी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"लोखंड पायातून बोलतं रे, पोशा," तो म्हणाला. "तू मला सांगत होतास आणि मी बोल्ट मोजत होतो."

पोशाने बकेटकडे पाहिलं. "एका वेळी किती पाट्या जातात यात?" त्याने विचारलं.

"वीस."

"पुरे आहेत," पोशा म्हणाला, आणि कुबडी टेकत घराकडे वळला.

त्यानंतर सखाजीकडे लांबलांबून माणसं येत. कुणाकडे मोठा लोडर असे आणि छोटा ट्रॅक्टर. सखाजी लोडरकडे पाहतही नसे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आधी घेऊन या, असं सांगे, आणि तो आला की त्याला समोर बसवून अर्धा दिवस ऐकत राही. काही जण कंटाळून निघून जात. जे थांबत, त्यांचे ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षं चालले.

बोध: जोड किती मजबूत आहे हे पाहण्याआधी, ज्याच्यावर तो बसवायचा त्याला किती सोसतं, हे विचारावं.