वेशीवरचा विस्तव

पौष महिना होता, वद्य अष्टमी. उत्तरेचा वारा सुटला होता आणि गवतावरचं दहिवर पांढरं गोठलं होतं. अशा दिवशी एकदा काय झालं, ठकू नावाच्या बाईची धाकटी बहीण बाळंत झाली. बाळ एवढंसं, चिमणीएवढं. घरात सरपण नाही, शेगडी गार, शेजारपाजारी कुणी निखारा देईना. बाळाला शेक हवा ना? मग ठकू खापर घेऊन निघाली. वेशीबाहेर कुंभारांचा मडकी भाजायचा आवा होता, तिथून विस्तव आणायला.

पण राजाची गवताची गंजी मागं जळली होती, बरं का. तेव्हापासून हुकूम होता, विस्तव वेशीतून आत आणायचा नाही.

पूर्ववेशीवर रखमाजी जमादार बसायचा. तो हसून म्हणाला, "काय गं ठकूबाई, हुकूम ठाऊक आहे ना? बरं, तुझी कोंबडी फार छान अंडी घालते हो!"

ठकूने कोंबडी दिली. विस्तव आत गेला. बाळाने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी तांब्या दिला. तिसऱ्या दिवशी घरात द्यायला काही उरलं नाही.

"मग पश्चिमवेशीने जा," रखमाजी म्हणाला. "तिथला कडतोजी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही कुणाचा."

ठकूला बरं वाटलं. देवमाणूस असेल, म्हणाली, आणि तटाला वळसा घालून धावत गेली.

कडतोजीने खापर पाहिलं. शेजारचा हंडा उचलला.

"दादा, ओली बाळंतीण आहे घरात!"

"हुकूम आहे."

"अहो, घ्या काहीतरी! हे मणी घ्या, अंगावरचं लुगडं घ्या, पण एवढा विस्तव जाऊ द्या!"

"मला लाच देतेस?" कडतोजी म्हणाला. त्याने विस्तवावर पाणी ओतलं आणि ठकूला चौकीत कोंडलं.

चिस्स झालं. मग धुरातून आवाज आला, "मला आत बंदी ना? मग मी सगळाच बाहेर जातो."

आणि बाळांनो, गावातला विस्तव गेला. चुली विझल्या, समया विझल्या. राजाचा मुदपाकखाना गार पडला.

मग राजाने नोकराला आव्यावर पाठवलं. तो पश्चिमवेशीने परतला. "अरे, राजाच्या चुलीसाठी आहे!" तो ओरडला. कडतोजी म्हणाला, "राजाचा हुकूम राजालाही आहे," आणि हंडा ओतला.

मग प्रधान गेला. पूर्ववेशीवर रखमाजीने त्याची अंगठी घेतली आणि वाकून मुजरा केला. विस्तव वेशीतून आत आला आणि लगेच काळा पडला.

मग राजा स्वतः गेला, कुडकुडत. आव्यापुढे त्याने हात जोडले. विस्तव म्हणाला, "जिच्या हातात मला विझवलं, तिच्याच हातात मी येईन."

राजाने चौकी उघडवली. तोवर एक रात्र उलटली होती. ठकू तडक आव्याकडे धावली. तिने आव्यातून खापर भरून घेतलं आणि घराकडे पळाली. ती जाईल तिथल्या चुली मागोमाग पेटत गेल्या.

घरात बहीण भिंतीला टेकून बसली होती. अंगावरचं लुगडं तिने सगळं बाळाभोवती गुंडाळलं होतं. ठकूने हात लावला. बाळ ऊन होतं. बहीण गार होती.

राजाने दोघा जमादारांना बोलावलं. "असं का केलंत?"

रखमाजी म्हणाला, "पोट आहे, महाराज."

कडतोजी म्हणाला, "हुकूम आहे, महाराज."

मग राजाने आपला हुकूम मागं घेतला. दोघांच्या काठ्या काढून घेतल्या आणि दोघांना एकाच वेशीतून बाहेर घालवलं. ठकूला तांब्या परत मिळाला. कोंबडी मिळाली नाही, ती रखमाजीने खाल्ली होती. बाळ ठकूने वाढवलं, ते मोठं झालं.

आपल्या चुलीतला विस्तव राखेखाली झाकलाय. निजा आता.