पुढचं चाक

"आठ मिनिटांत टायर उतरवून परत चढवला, चाचा. आता अजून काय बघायचं राहिलंय तुमचं?"

इसाकचाचा पडवीतल्या बाकड्यावर बसून काळ्या चहात बटर बुडवत होते. हर्षदनं पुढे केलेल्या मोबाईलमधल्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"आज पुढचं चाक कर," ते म्हणाले. "मी नमाज पढून येतो."

घाटमाथ्यावरच्या त्या गावात चाचांच्या घराची पडवी हेच त्यांचं वर्कशॉप. मशीन नाही, पाटी नाही. दोन-तीन लोखंडी लिव्हर, साबणाच्या पाण्याचा डबा आणि पायाचा पंप. एवढ्यावर चाळीस वर्षं त्यांनी मोटरसायकलींचे टायर हातानं बदलले होते.

हर्षद तांबट खालच्या शहरात, एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करायचा. लांबच्या सफरीत आपलं चाक आपल्याला बसवता यावं म्हणून तो तीन महिने दर रविवारी घाट चढून येत होता. गेल्या दोन रविवारांपासून त्याला वाटू लागलं होतं, की आता येणं म्हणजे नुसती चाचांची मर्जी राखणं.

त्यानं आपल्याच गाडीचं पुढचं चाक काढलं. जुना टायर उतरवला. नवा रिमवर घेतला, आत ट्यूब सारली आणि गुडघ्यांनी टायरची कड दाबून धरत लिव्हर फिरवत नेला.

शेवटची वीतभर कड उरली. ती नेहमीच हट्टाला पेटते. त्यानं दोन्ही लिव्हर एकदम ओढले.

लिव्हरच्या टोकाखाली काहीतरी मऊ लागलं.

क्षणभरच. मग कड टपकन आत गेली.

हर्षदचा हात थांबला. ट्यूब तर चेपली नाही? पुन्हा उघडून बघावं का...

त्यानं मोबाईलकडे पाहिलं. सात मिनिटं चाळीस सेकंद. इतकं लवकर कधीच झालं नव्हतं. त्यानं पंप ओढला. हवा भरली, ती टिकली. व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला नाही. चाक गाडीला चढवलं.

चाचा बाहेर आले.

"झालं?"

"झालं."

"नीट?"

"हवा धरलीय."

चाचांनी मान हलवली आणि खुंटीवरचं हेल्मेट काढलं.

"मला खाली बाजारात सोड. बहिणीकडे जाऊन येतो."

"आत्ता?"

"का? गाडी तयार नाही?"

"आहे की," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

घाट सुरू झाला. डाव्या हाताला दरी, मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा, तोही जागोजागी ढासळलेला. मागचा टायर फुटला तर गाडी सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल आपलं राहत नाही. हे त्याला चाचांनीच सांगितलं होतं.

पहिल्या वळणावर चाचांनी विचारलं, "पुढचं चाक तूच बसवलंस ना?"

"हो."

दुसऱ्या वळणावर विचारलं, "दुसऱ्या कुणाचा हात नव्हता?"

"नाही. मीच बसवलं."

तिसऱ्या वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी हर्षदचे खांदे धरले.

त्या बोटांची पकड जॅकेटमधून हाडापर्यंत पोचत होती. म्हातारं माणूस. सत्तरीला टेकलेलं. त्याचं सगळं वजन आपल्या पाठीवर, आणि आपलं सगळं वजन त्या वीतभर कडेवर.

हँडल थरथरलं. रस्ता खराब होता म्हणून? की...

हर्षदनं वेग कमी केला. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. त्यानं आणखी कमी केला. ट्रक अंगाला घासल्यासारखा पुढे निघून गेला. आता पुढच्या चाकाखालचा प्रत्येक खडा त्याला वेगळा ऐकू येत होता.

समोर मोठा उतार दिसला. त्याच्या टोकाला रस्ता एकदम उजवीकडे वळत होता आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ होतं.

त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली.

"आला बाजार?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

हर्षदनं इंजिन बंद केलं. त्याची नजर पुढच्या चाकावरून हलेना.

"चाचा... शेवटची कड ओढताना लिव्हरखाली काहीतरी मऊ लागलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. बसवताना."

"आणि?"

"मी उघडून पाहिलं नाही."

चाचा खाली उतरले. रागावले नाहीत. एक धोंडा शोधून आणला आणि पुढचं चाक उचललं जाईल असा इंजिनाखाली सारला.

हर्षदच्या पिशवीत सफरीचं सगळं सामान होतं. लिव्हर, पाने, छोटा पंप, जादा ट्यूब. त्यानं चाक काढलं, हवा सोडली, कड उचलली.

ट्यूबची एक घडी कड आणि रिमच्या मध्ये अडकून चेपली होती. तिथलं रबर पांढरं पडलं होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. हर्षदनं ते नखानं दाबलं नुसतं. नख आरपार गेलं.

त्यानं ट्यूब ओढून काढली आणि चाचांपुढे धरली.

खालून एक एसटी चढत आली. खिडकीतून एक बाई निवांतपणे त्यांच्याकडे बघत गेली.

"नवी ट्यूब घाल," चाचा म्हणाले.

"हात थरथरताहेत माझे. आज तुम्ही बसवा, चाचा."

"माझे थरथरत नाहीत. तूच बसव."

हर्षदनं बसवलं. शेवटची वीतभर कड उरली तेव्हा थांबला. बोट घालून ट्यूब चाचपली. लिव्हर काढून ठेवला. पुन्हा चाचपली. कड आत गेल्यावर सगळा टायर दोन्ही हातांनी दाबत गोल फिरून आला, आणि तरी समाधान होईना म्हणून तो पुन्हा उघडला. चाचा कठड्यावर बसून दरीकडे बघत राहिले. मध्ये दोनदा आभाळ भरून आलं नि मोकळं झालं. किती वेळ गेला, ते कुणीच पाहिलं नाही.

चाक जागेवर बसलं. हर्षदनं साबणाच्या पाण्यासारखा निथळणारा घाम पुसला.

"तुम्हाला ठाऊक होतं का, चाचा?"

"मी नमाजला होतो."

"मग बसलात कसे माझ्या मागे?"

"शिकवलं मी," चाचा म्हणाले. "मग तुझ्या मागे दुसऱ्या कुणाला बसवू?"

हर्षदनं इंजिनाखालचा धोंडा काढला. त्यानं गाडी सुरू केली. चाचा मागे बसले. समोर तोच उतार, तेच वळण.

"चाचा, घट्ट धरा. इथून पुढे कठीण आहे."

"हात थरथरताहेत अजून?"

"हो..."

चाचांनी त्याच्या खांद्यावरचे हात काढून आपल्या मांडीवर ठेवले आणि डोकं त्याच्या पाठीला टेकलं.

"मग मी जरा डोळा लावतो."