सुपारी मांडलेला पाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बायांनो, ऐका, आणि पोराबाळांनाही जवळ घ्या.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे सारजा नावाची एक सून होती. तिचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं आणि तिचं मन आजारी पडलं. कधी हसे, कधी रडे, भर दुपारी नदीकाठी जाऊन बसे. सासू मायेची. तिने वैद्यबुवांना आणलं, सुनेला हाताने भरवलं, उशाशी बसून राहिली. वर्ष सरलं आणि सारजा बरी झाली.

सारजा बरी झाली, पण गाव काही बरं होईना. गावाने तिला खुळी म्हटलं होतं, ते नाव तसंच राहिलं. ती हसली की बाया म्हणत, "झालं सुरू." रडली की म्हणत, "बघा, परत." गप्प बसली तर, "आत काय चाललंय, देव जाणे." बिचारीने करावं तरी काय? ती जेवढ्यास तेवढं बोलू लागली. मग अन्न गोड लागेना, झोप येईना. एकदा सासूने हाक मारली तर तिने ओसुद्धा दिली नाही.

"आत्याबाई, मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावताय," ती म्हणाली.

सासू वैद्यबुवांकडे धावली. ते म्हणाले, "काढा देतो, झोप लागेल. पण गाव दिवसभर तिला जे पाजतंय, त्यापुढे माझा काढा पुरा पडायचा नाही."

त्या गावात श्रावणातल्या शुक्रवारी पाटलीणबाई जिवतीचं व्रत करत. लेकराबाळांच्या आयुष्यासाठी देवीची पूजा आणि पाच सवाष्णींना जेवण. पाच घरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, त्यात सारजेचं घर एक. कुणी परगावी गेली असेल तर तिच्या पाटावर सुपारी मांडायची, पान वाढायचं आणि ती जेवली असं समजायचं. तीन वर्षं सारजेच्या पाटावर सुपारी होती. सारजा मात्र चार घरं पलीकडे, आपल्या दारात तांदूळ निवडत बसलेली असे.

चौथ्या वर्षीच्या शुक्रवारी सारजा न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली, कुंकू लावून निघाली.

सासूने विचारलं, "बोलावणं आलं का गं?"

"सुपारीला आलंय, आत्याबाई. ती माझ्याच नावाची."

"मग पोटभर जेव," सासू म्हणाली.

पाटलीणबाईंच्या घरी पानं वाढून झाली होती. सारजेने सुपारी उचलून देवीपुढे ठेवली आणि ती पाटावर बसली.

पाटलीणबाई दचकल्या. "अगं, ती सारजेची जागा आहे."

"मीच सारजा."

"ते खरं गं, पण तुझी सुपारी मांडली होती ना."

पलीकडची सोनारीण पुटपुटली, "सुपारीच बरी. निदान उगाच हसत तरी नाही."

"आणि जेवतही नाही," सारजा म्हणाली. "तीन वर्षं माझं पान गाईला गेलं."

"हे माझ्या नातवंडांचं व्रत आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुझी सावली नको पडायला."

सारजा जागची हलली नाही. "जिवतीमाय लेकरांना राखते. मी पण कुणाचं तरी लेकरूच आहे. मी आजारी पडले, बरी झाले. तुम्हाला हिवताप आला होता, तेव्हा कुणी जन्मभर तापकरी म्हटलं का? मी पुन्हाही आजारी पडेन कदाचित. तेव्हासुद्धा हा पाट माझाच."

मग शेवटच्या पाटावरच्या सुतारणीला हुंदका आला. तिला दोन महिन्यांचं बाळ होतं.

"मला बाळाकडे बघवत नाही," ती म्हणाली. "जीव नकोसा होतो. बोलले नाही कुणाला. म्हटलं, माझ्याही पाटावर सुपारी यायची."

पाटलीणबाई तुपाची वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. व्रत लेकरांसाठी होतं, आणि समोर एका लेकराची आई बुडत होती. त्या वाकल्या.

"सारजे, पोळीवर तूप घेशील ना?"

सारजेच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळ्यांनी पाहिलं, पण "परत" असं कुणी म्हटलं नाही. सोनारीणही खाली मान घालून जेवली.

त्याच दिवशी पाटलीणबाई स्वतः सुतारणीला वैद्यबुवांकडे घेऊन गेल्या. सारजा रोज तिच्याकडे जाऊन बसू लागली. दिवाळीपर्यंत सुतारीण बाळाशी हसूबोलू लागली. सारजेलाही अन्न गोड लागू लागलं. एखादा दिवस अजूनही तिला जड जाई, नाही असं नाही. पण त्या दिवशी तिच्या दारी शेजारणीची हाक येई, आणि ती ओ देई.

देवी सारजेच्या पाठीशी उभी राहिली, तशी मनाने थकलेल्या प्रत्येकाच्या पाठीशी उभी राहो.

तात्पर्य: मन आजारी पडलं म्हणून कुणाचा पाट उचलू नये, आणि उचललाच तर ज्याचा उचलला त्याने तो पुन्हा मांडून हक्काने बसावं.