शिळेवरचा आकडा

फार पूर्वी एका राजाने आपल्या राजधानीखाली आठ कोसांचं गोल भुयार खणलं. डोळ्यांना न दिसणारे कण त्यात पळवायचे, एकमेकांवर आपटायचे आणि त्यातून जे नवं निघेल त्याचं वजन ठरवायचं, असा बेत होता. वजन ठरणार कणांच्या जोरावरून. तो जोर प्रधानाने पहिल्याच दिवशी मोजवून दारावरच्या शिळेत कोरून घेतला. कोरल्याशिवाय मोठं काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

जोर मोजायला एक मापाडी होता. पळता पळता ते कण भोवऱ्यांसारखे एकाच दिशेला ताठ उभे राहत. मापाडी त्यांना ठेक्यात हलक्या टिचक्या मारी. ज्या ठेक्याला सगळे भोवरे कोलमडत, त्यावरून जोर नेमका कळे.

पुढे आकडा शिळेशी जुळेना. दिवसातून दोनदा उतरे, दोनदा चढे.

"तुझी टिचकी चुकतेय," प्रधान म्हणाला. "शिळेवरचा आकडा लिही आणि घरी जा. नाहीतर कायमचाच जा."

मापाड्याच्या घरी तीन मुली आणि एक सासू होती. तरी त्याने महिनाभराचे खरे आकडे तिथीसकट लिहिले आणि थेट राजापुढे ठेवले.

"महाराज, चंद्र माथ्यावर किंवा पायाखाली आला की जमीन फुगते. भुयाराचा घेर खसखशीच्या दाण्याएवढा ताणला जातो. तेवढ्याने जोर उतरतो."

प्रधान खो खो हसला. "उद्या अमावास्या! उद्या चंद्रच नाही. मग रे?"

"आहे ना. भर दुपारी माथ्यावर असेल, फक्त दिसणार नाही. आकडा तेव्हा इतका उतरेल," म्हणत मापाड्याने तो लिहून दिला.

"आणि नाही उतरला तर?"

"राज्य सोडून जाईन. सासूसकट."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा दरबार भुयारात उतरला. मापाड्याने टिचक्या मारल्या. लिहून दिलेल्या आकड्याच्या ठेक्यालाच सगळे भोवरे कोलमडले.

राजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे माझा महाल...?"

"वीतभर वर-खाली होतो, महाराज. रोज दोनदा. आपल्या आजोबांच्या काळीही व्हायचा."

"आणि सिंहासन?"

"ते महालातच आहे ना, महाराज."

राजा मटकन जमिनीवर बसला आणि जमीन आठवून ताडकन उठला.

"चंद्राला कारणे दाखवा नोटीस काढू का?" प्रधानाने चाचरत विचारलं.

राजाने शिळा घासून कोरी करवली. तेव्हापासून मापाडी तिच्यावर खडूने त्या त्या वेळचा आकडा लिहितो. पुसायचं फडकं प्रधानाच्या हाती असतं.

तात्पर्य: आकडा दगडात कोरला म्हणून जमीन थांबत नाही, मापाड्याला हाकलण्याआधी त्याचं माप एकदा ताडून पाहावं.